वाटेवर भाऊ, दारात साहेब : ‘वाटचाल’मधल्या एका प्रश्नाविषयी

 

मागच्या खेपेला आम्ही कांटवर बोललो. ते फार जड झालं, अशी तक्रार आली. तक्रार रास्त होती. म्हणून आज प्रवासाचा विषय घेतला आहे : एकट्याने प्रवास करताना भेटणारी अनोळखी माणसं. विषय हलका वाटतो. आम्हालाही तसाच वाटला होता. तयारीला बसलो तेव्हा लक्षात आलं की यात आमची स्वतःचीच एक जुनी बाकी निघते आहे. ती आज इथे सांगून टाकायची असं ठरवून आलो आहोत.

सुरुवात नातीपासून करू. गेल्या उन्हाळ्यात ती एकटीच स्पितीच्या खोऱ्यात जाऊन आली. आम्ही आजोबांच्या अधिकाराने काळजी व्यक्त केली, तर म्हणाली, “आजोबा, ग्रुपने गेलं की आपलीच माणसं भेटतात. एकटं गेलं की माणसं भेटतात.” बोलणं खोटं नाही. आपल्याकडच्या सहलींबरोबर आचारी असतो. हिमालयातसुद्धा सकाळी कांदेपोहे आणि रात्री वरणभात मिळतो, आणि पंधरा दिवस आपण बोलतो कोणाशी? तर ठाण्याच्या आणि नाशिकच्या मंडळींशी. एकट्याचं तसं नसतं. त्याला रस्ता विचारावा लागतो, शेजारच्याला ‘जरा सामानाकडे बघाल का’ म्हणावं लागतं. गरज त्याला बोलतं करते.

मग तिने फोनमधले नंबर दाखवले. ‘काझा टॅक्सी’, ‘मनाली बसवाले काका’, ‘होमस्टे आंटी’. या आंटींकडे ती चार दिवस राहिली, त्यांच्या शेगडीपाशी बसून जेवली, एकदा त्यांच्यापाशी रडलीसुद्धा म्हणे. आम्ही विचारलं, “नाव काय गं त्यांचं?” ती थांबली. मग म्हणाली, “सगळे आंटीच म्हणायचे.” आम्ही पुढे काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आम्हाला का नव्हता, ते पुढे येईल.

आता थोडं पुस्तकांकडे. ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथाचा आठवा भाग मैत्रीवर आहे. त्याच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की परमुलखात हिंडताना कळतं, माणूस माणसाला किती जवळचा आहे. प्रवासाची तारीफ करणाऱ्यांना हे विधान फार आवडतं. पण त्याच भागात थोडं पुढे तो एक म्हण सांगतो : एकत्र बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसांना एकमेकांची ओळख पटत नाही. आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतो, त्याच्या जवळचीच ही गोष्ट. म्हणजे वाटेवर लाभतो तो जिव्हाळा खरा असतो, पण ती अजून मैत्री नसते. मग ती काय असते, आणि तिचं आपण काही देणं लागतो का? आजचा प्रश्न एवढाच आहे.

आपल्याकडे या जागी ओंडक्यांचा दृष्टान्त सांगतात. महासागरात दोन ओंडके वाहत येतात, एकमेकांना भिडतात, आणि पुन्हा दूर जातात. माणसांच्या भेटी तशाच. रामायणात राम हा दृष्टान्त भरताला सांगतो, महाभारताच्या शांतिपर्वात तो आहे, आणि गदिमांच्या गीतरामायणामुळे तो मराठी घराघरांत पोचला. शोक करणाऱ्याला धीर द्यायला तो योग्यच आहे. पण आम्ही पाहतो की एकट्याच्या प्रवासाची वर्णनं संपता संपता याच भावनेवर येतात, आणि तिथे हा दृष्टान्त वेगळंच काम करतो. तो लिहिणाऱ्याला मोकळं करतो. भेटलो, बरं वाटलं, लाट आली, गेलो. यात अडचण अशी की ओंडका ओंडक्याला पत्ता देत नाही. माणूस देतो. आणि ओंडका प्रश्नही विचारत नाही.

आता आमची गोष्ट. १९८१चा डिसेंबर. आम्ही तिशीत होतो, नुकतीच पीएच.डी. झाली होती, आणि एका चर्चासत्रात निबंध वाचायला वाराणसीला निघालो होतो. पुण्याहून मनमाड, तिथे गाडी बदलायची. भुसावळला एक गृहस्थ चढले, पन्नाशीचे. मांडीवर एक मडकं, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. आईच्या अस्थी घेऊन ते प्रयागला चालले होते. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी आमचं गाव विचारलं, आडनाव विचारलं. आम्ही सांगितलं. मग ते मोकळेपणाने बोलू लागले. हे ध्यानात ठेवा, याकडे परत यायचं आहे.

वयाने आम्ही वीस वर्षांनी लहान, पण ते आम्हाला ‘भाऊ’ म्हणू लागले. कळण्याची भाकरी, ठेचा, केळी पुढे केली. इटारसीनंतर डब्यातले दिवे मालवले, आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याचा तपशील आम्ही आजही उघड करणार नाही. भावाशी झालेल्या वाटणीबद्दल होतं, आईचं शेवटचं वर्ष कसं गेलं त्याबद्दल होतं. “हे मी घरात कोणाला बोललो नाही भाऊ,” असं ते म्हणाले. जबलपूर यायच्या आत आम्हीही आमच्या वडिलांबद्दल असं काही बोललो होतो की जे आमच्या पत्नीलाही माहीत नव्हतं. अलाहाबादला ते उतरले. त्याआधी आम्ही त्यांच्या वहीत आमचा पत्ता लिहिला आणि खाली लिहिलं : ‘पुण्याला आलात तर हक्काने या.’ ‘हक्काने’ हा शब्द आमचा. त्यांनी मागितला नव्हता.

परक्याला माणूस मनातलं असं का सांगतो? जर्मन समाजचिंतक गेऑर्ग झिमेल याने १९०८ साली ‘परका’ या विषयावर काही पानं लिहिली, त्यात याचं उत्तर आहे. परका आपल्या भाऊबंदकीत नसतो, आपल्या गावच्या भांडणात त्याचा पक्ष नसतो, म्हणून जवळच्यांपासून जपून ठेवलेलं माणूस त्याच्यापाशी उघड करतो. प्रवासावर लिहिताना झिमेलचा हा मुद्दा पुष्कळ वापरतात. पण एक गोष्ट सोडून देतात. झिमेलने स्पष्ट म्हटलं आहे की त्याच्या मनातला परका म्हणजे आज येऊन उद्या निघून जाणारा भटक्या नव्हे. आज येऊन उद्या राहणारा, तो परका. म्हणजे झिमेलचा प्रश्न रेल्वेच्या डब्यातला नाही, आपल्या गल्लीतला आहे. डब्यात मन मोकळं करणं सोपं असतं, कारण अलाहाबाद येणार असतं.

आणि डब्यातसुद्धा सगळ्यांना सोपं असतं का? ‘गाव कुठलं, आडनाव काय’ हा आपल्याकडचा प्रवासातला पहिला प्रश्न. आम्ही उत्तर दिलं आणि भाकरी पुढे आली. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या लिखाणात १९०१चा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून ही मुलं वडिलांकडे निघाली होती, बरोबर मोठं माणूस कोणी नाही, आणि मसूर स्टेशनावर घ्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. पोशाखावरून त्याला ती ब्राह्मणांची मुलं वाटलेली असतात. मुलगा जात सांगतो, आणि स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो, तो निघून जातो. पुढे बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार होतो, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळत नाही.

तेव्हा ‘वाट माणसाला माणूस म्हणून भेटवते’ असं जे आपण म्हणतो, त्यात ‘कोणाला’ हे विचारायला हवं. आमच्या नातीलाही विचारा. ती म्हणते, बसमध्ये कोणी फार चौकशी केली की सरळ सांगते, नवरा उद्या पोचतोय. तिचं लग्न झालेलं नाही. एकट्या पुरुषाला जो मोकळेपणा फुकट मिळतो, तो एकट्या बाईला थोडं खोटं बोलून विकत घ्यावा लागतो. हे दोष म्हणून सांगत नाही. शहाणपण म्हणून सांगतो. पण अनोळखी भेटींचं कौतुक करणाऱ्या लिखाणात हा हिशोब क्वचितच येतो.

तो ज्या एका मराठी लेखात येतो, त्याच्याकडे आता वळू. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेखसंग्रह १९४९चा. त्यात ‘वाटचाल’ हा लेख आहे. दिंडीबरोबर पंढरपूरला पायी गेल्याचा अनुभव. इरावतीबाई मानवशास्त्राच्या अभ्यासक, बर्लिनहून डॉक्टरेट घेतलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या. आळंदीहून पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. लोक एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात. परक्या माणसांनी एकमेकांना भेटण्याची याहून मोठी सोय महाराष्ट्राने उभी केलेली नाही.

हा लेख बहुतेकांना एका व्याख्येसाठी माहीत असतो : ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशा अर्थाची ती व्याख्या आहे. भाषणांत ती फार वापरतात. आमचं म्हणणं असं की लेखाचं मर्म त्या व्याख्येत नाही. ते दुसऱ्या दोन ठिकाणी आहे.

पहिलं ठिकाण जेवणाचं. इरावतीबाईंच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा असे दोन भाग होते. वाट एक, अभंग एक, देव एक, पंगती वेगळ्या. बाईंना हे रोज सलतं. सगळं एकत्र चालणं आणि गाणं हे परलोकातल्या मीलनापुरतंच आहे की काय, असं त्यांना वाटत राहतं. पण त्या केवळ हळहळून थांबत नाहीत. त्या दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवतात. आणि लेखात नोंद आहे की त्यानंतर त्या बायका जास्त जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, आपलं आयुष्य सांगू लागल्या, त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या. ॲरिस्टॉटलचं मीठ इथे खरोखर खाल्लं गेलं.

दुसरं ठिकाण याच्यातूनच येतं. बायका म्हणतात, ताई, आम्ही तुमच्याकडे येऊ हं. आणि एक तरुण मुलगी विचारते की तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल का? प्रश्न साधा आहे. इरावतीबाई तो झटकून टाकत नाहीत आणि ‘वागेन की’ असं गोड उत्तरही देत नाहीत. प्रश्न जिव्हारी लागला, हे त्या कबूल करतात.

हा प्रश्न नीट वाचा. तो पंगतीत न आलेल्या बाईला कोणी विचारला नसता. तिच्याकडून अपेक्षाच नव्हती. जी पंगतीत बसली तिलाच तो विचारला गेला. म्हणजे वाटेवरचा चांगुलपणा हा आपल्या पदरी पुण्य म्हणून जमा होत नाही. तो समोरच्याच्या मनात एक अपेक्षा निर्माण करतो. आणि त्या मुलीला एक गोष्ट नेमकी कळली आहे. वाटेला दार नसतं. घराला असतं. वाटेवर ताई जशा आहेत, त्यातलं किती ताईंचं आहे आणि किती वाटेचं आहे, हे तिला जाणून घ्यायचं आहे.

लेखावर एक आक्षेप घेता येतो, तोही सांगतो. ती मुलगी लेखात एका प्रश्नापुरतीच येते. तिचं नाव आपल्याला कळत नाही. ती पुढे बाईंच्या घरी आली का, हेही कळत नाही. लेखणी एकीच्या हातात आहे आणि प्रश्न दुसरीचा, हा असमतोल ‘वाटचाल’मध्येही आहे. पण मग फरक काय? फरक असा की बहुतेक प्रवासवर्णनांत भेटलेली माणसं लेखकाचं भलं व्हावं म्हणून आलेली असतात. कोणी चहा देतो, कोणी वाट दाखवतो, कोणी म्हातारी शहाणपणाचं एक वाक्य बोलते, आणि लेखक समृद्ध होऊन घरी जातो. इथे भेटलेली व्यक्ती लेखिकेला हिशोब मागते, आणि लेखिका तो हिशोब पुसून टाकत नाही. स्वतःला अडचणीत टाकणारं माणूस आपल्या लेखात राहू देणं, हे प्रवासलेखनाच्या प्रामाणिकपणाचं आमच्या मते पहिलं लक्षण आहे.

आम्ही हा लेख वर्गात शिकवला नाही, आमचा विषय तत्त्वज्ञान. पण तो आम्ही १९८१च्या आधी वाचलेला होता. हे सांगणं भाग आहे.

१९८४च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी घराची बेल वाजली. आत आमचे एक वरिष्ठ आणि बाहेरगावचे एक विद्वान जेवायला आले होते. दारात ते भुसावळचे गृहस्थ, बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली केळी. “ओळखलं का भाऊ?” आम्ही ओळखलं. लगेच ओळखलं. हे मुद्दाम सांगतो, कारण विसरलो होतो असं म्हणायची सोय आम्हाला नाही.

आम्ही त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची दिली. “आत जरा मंडळी आहेत,” असं म्हणालो. चहा बाहेर पाठवला. मुलाला पुण्यातल्या एका रुग्णालयात दाखवायला आणलं होतं, धर्मशाळेत उतरले होते. त्यांना आमच्याकडून काहीतरी विचारून घ्यायचं होतं, बहुधा डॉक्टरांविषयी. ते त्यांनी विचारलं नाही. आमचा एक पाय आत होता, ते त्यांना दिसत होतं. दहा मिनिटांनी उठले. मुलाला म्हणाले, “पाया पड.” आणि आम्हाला म्हणाले, “येतो साहेब.”

गाडीत आम्ही भाऊ होतो. दारात साहेब झालो. त्यांनी रागाने म्हटलं नाही, टोमणाही नव्हता. परिस्थिती पाहून त्यांनी योग्य तो शब्द निवडला.

रात्री पत्नीने विचारलं, “कोण आले होते हो?” आम्ही म्हणालो, “प्रवासात भेटले होते एक.” नाव सांगितलं नाही. म्हणून परवा नातीला आम्ही काही बोललो नाही.

त्यांनी आपलं मन आमच्यापाशी ठेवलं, आमचंही नेलं, आणि ते आले तेव्हा आमच्या घरात त्यांच्यासाठी आतली एक खुर्ची नव्हती. त्या दोन पाहुण्यांना आम्ही काय सांगणार होतो? की हे आमचे स्नेही. तीन शब्द. ते तोंडून आले नाहीत, कारण त्यांच्या धोतराची आणि केळ्यांची आम्हाला लाज वाटली. इतकं स्पष्ट बोलायला आम्हाला चाळीस वर्षं लागली.

कांट आज नको असं ठरलं होतं, पण थोडा घेतोच. ‘शाश्वत शांती’वरच्या १७९५ सालच्या निबंधात तो म्हणतो की परक्याला आपल्या भूमीवर येण्याचा हक्क आहे, त्याला शत्रूसारखं वागवता येत नाही. पण पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क आपोआप नसतो. त्यासाठी वेगळा करार लागतो. हा भेद कोरडा वाटतो, पण उपयोगी आहे. वाटेवरच्या प्रत्येक माणसाला आपण घरी बोलावू शकत नाही, बोलवायलाच हवं असंही नाही. भाकरी वाटून खाल्ली, दोन गोष्टी बोललो, उतरलो. ही भेट तेवढ्यावर पूर्ण आहे. तिथे ओंडक्यांचा दृष्टान्त लागू पडतो आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. पण वहीत ‘हक्काने या’ लिहिलं, तर करार झाला. तो आम्ही स्वतःच्या अक्षरात केला होता. वाटेवरचा मोकळेपणा आम्हाला आमचा स्वभाव वाटला. तो बराचसा वाटेचा होता.

म्हणून तरुण मंडळींना, आणि या मंडळींत आमची नातही आली, आमचं सांगणं एवढंच. एकटे जा, जरूर जा. माणसं भेटतील. जपून भेटा, खोटं बोलावं लागलं तर बोला, स्वतःला सांभाळा. पण ज्यांच्याकडे जेवलात त्यांचं नाव विचारून घ्या. आणि ‘या हं आमच्याकडे’ हे शब्द निरोपाची एक पद्धत म्हणून वापरू नका. ते बोलण्याआधी आपल्या घराचं दार डोळ्यांसमोर आणा, आत कोण बसलेलं असेल ते आठवा, आणि मग बोला. निभणार नसेल तर नुसतं ‘बरं वाटलं भेटून’ म्हणा. त्यात कमीपणा नाही.

त्या गृहस्थांचा पत्ता आमच्या १९८१च्या डायरीत अजून आहे. ते असतील तर नव्वदीच्या पुढे असतील. त्यांचा मुलगा आता साठीकडे झुकला असेल, आणि त्याला व्हरांड्यातला तो चहा बहुधा आठवत असेल. या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही त्या पत्त्यावर एक पत्र लिहिलं. माफी मागणारं लांबलचक पत्र आधी लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात पुन्हा आम्हीच मोठे होत होतो. दुसरं चार ओळींचं आहे. मुलाची तब्येत पुढे कशी राहिली ते विचारलं आहे, आणि खाली सहीच्या जागी नुसतं ‘भाऊ’ लिहिलं आहे. तो शब्द वापरायचा हक्क आम्हाला उरला आहे का, हे मात्र ठरवता येत नाही, म्हणून पाकीट अजून टेबलावरच आहे.

तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. आता प्रश्न घेऊ.